पंखाच्या टोकाशी

जीवनने दोन्ही हात ताटावर आडवे धरले, तरी भागीरथाबाईने पळीतला मटणाचा तुकडा त्याच्या बोटांच्या फटीतून ताटात सोडलाच. थोडा रस्सा त्याच्या मनगटावर सांडला.

"पुरे म्हनलं ना, मामी."

"एवढ्यानं काय होते, जावईबापू? खाल्लंच काय तुमी?"

जीवनने मनगट पुसलं आणि तुकडा खाल्ला. मग आणखी एक आला, तोही खाल्ला. समोर भिंतीला टेकून बसलेल्या प्रितमच्या ताटात अर्धी भाकर तशीच पडून होती आणि त्याला वाढायला कोणी आलं नव्हतं. तो या घरचा मुलगा आणि जीवन त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ताईच्या लग्नाला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून हा फरक प्रितमला पाठ होता. आज मात्र त्याला तो बघवेना.

पाच दिवसांपूर्वी त्याने स्वतः असेच हात आडवे केले होते. डोक्याच्या वर, हातात लाल दांड्या धरून. ते घरात नव्हे, शहरातल्या मोठ्या विमानतळावर, जिथे दर दीड-दोन मिनिटांनी एखादं विमान उतरतं नाहीतर उडतं आणि जमिनीवर त्याहून जास्त गर्दी असते.

विमानाला स्वतःहून मागे जाता येत नाही. प्रवासी बसले, दारं लागली, की एक बुटकं, दणकट वाहन त्याच्या नाकाशी जोडतात. ते त्याला मागे ढकलत मोकळ्या वाटेवर नेऊन सोडतं आणि तिथून पुढे विमान आपल्या इंजिनांवर धावपट्टीकडे जातं. या वाहनाला टग म्हणतात. टग चालवणाऱ्याला पंखांची टोकं नीट दिसत नाहीत, म्हणून दोन्ही टोकांशी एकेक माणूस दांड्या घेऊन चालतो. त्याने दांड्या डोक्यावर एकमेकींवर आडव्या धरल्या की टग जागच्या जागी थांबला पाहिजे. का आणि कशाला, ते नंतर विचारायचं. दांड्या कालच नोकरीला लागलेल्या पोराच्या हातात असोत की साहेबाच्या, नियम एकच.

त्या दिवशी टगवर जीवन होता आणि डाव्या पंखाशी प्रितम. टग थांबला नाही. पंखाचं टोक मागे उभ्या असलेल्या जेवणाच्या ट्रकला जाऊन लागलं.

दोघांचे विमानतळात शिरायचे पास काढून घेतले, दोघांना घरी पाठवलं. उद्या सकाळी अकरा वाजता दोघांना चौकशीला वेगवेगळं बोलावलं होतं, आणि प्रत्येकाने आपलं लेखी निवेदन सोबत आणायचं होतं. संध्याकाळच्या गाडीने निघायचं. एवढं सगळं गळ्याशी आलेलं असताना घरात सकाळपासून मटण शिजत होतं. का, तर जावई आलेत. प्रितमने ताट उचललं आणि हात धुवायला उठून गेला. कोणी त्याला बस म्हटलं नाही.

ओसरीवर त्याचे वडील चंपतराव मांडीवर लाकडी पाट घेऊन लिहीत बसले होते. तीस वर्षं त्यांनी कारकुनी केली होती, आधी तहसिलीत, मग मंडल ऑफिसात. जैनथ, बेला, आदिलाबाद, जिथे बदली झाली तिथल्या साहेबांना चंपतरावांनी लिहिलेल्या कागदावर डोळे मिटून सही करायची सवय लागली. आपल्या घराण्यात पहिल्यांदा हाती पेन आलं ते आपल्या, याचा त्यांना अभिमान होता आणि तो वाजवीच होता. निवृत्तीनंतरही गावातली निम्मी माणसं अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याकडेच येत.

"घे, मजमून तयार हाये," ते म्हणाले. "तू इंग्लिशमंदी उतरून काहाड."

प्रितमने कागद घेतला. अक्षर नेहमीसारखं, मोत्याच्या दाण्यासारखं. 'मी खाली सही करणार लिहून देतो की, सदर दिवशी माझ्या नजरचुकीमुळे माझ्याकडून थांबण्याचा इशारा वेळेत दिला गेला नाही. त्यात टगचालकाचा कोणताही कसूर नाही.' पुढे आणखी चार ओळी होत्या, दिलगिरीच्या. त्याने त्या वाचल्या नाहीत.

"बाबा, हे खोटं हाये."

"पुरं खोटं नाई. तूच म्हनला, दोन-तीन सेकंद उशीर झाला म्हून."

"झाला. पन मंग म्या दांड्या आडव्या केल्या ना. भाऊजीनं पाह्यलं. तरी नाई थांबले. हे काऊन नाई लिव्हलं?"

चंपतरावांनी पेनाला टोपण लावलं.

"मिसलमंदी, चौकशीच्या फाइलीमंदी, एकच कसूरवार लागते, प्रितम. दोघाचा कसूर दाखवला का साह्यब दोघाले बी काहाडून टाकते. तीस वर्सं हेच पाह्यलं म्या. तू ठेक्यावर हायेस, जावईबापू कायम हायेत. तू चोवीस वर्साचा हायेस, तुले दुसरीकडं कुठं बी लागंल. त्याहीच्या पाठीमांगं ताई हाये, पोरगी हाये."

"अन् म्या दोन महिन्यानं टगच्या परीक्षेले बसनार होतो, ते?"

"पुढच्या साली बस."

"पास एकदा गेला का पुन्हा भेटत नाई, बाबा. इशारा देल्लाच नाई असं लिहून देल्लं, तर त्या गेटातून मले जल्मात कोनी आत घेत नाई."

हे तो काल रात्रीपासून चौथ्यांदा सांगत होता. चंपतरावांनी चौथ्यांदा मान हलवली आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं. प्रितमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपला बाप गावातल्या कोणाही सोम्यागोम्यासाठी तहसीलदाराशी वाद घालायचा, आणि आज आपल्याच पोराच्या बाजूचा एक शब्द त्याला कागदावर नको आहे.

जीवन हात पुसत बाहेर आला आणि बाजेवर लवंडला. तो मात्र स्वतः काही म्हणत नव्हता. आल्यापासून त्याने एकदाही प्रितमला, असं लिही, तसं लिही, म्हटलं नव्हतं. ती त्याची हुशारी होती. लोकच त्याच्यासाठी बोलत, आणि तो मूग गिळून बसला की आणखी बोलत.

"तुले जे वाटते ते लिव, प्रितम," छताकडे बघत तो म्हणाला. "माह्यं काय. नोकरी गेली तर गेली. यीन इकडं, कापूस येचीन."

झालं. दारात उभ्या असलेल्या भागीरथाबाईच्या डोळ्यांना पदर लागला.

"आयकलं ना?" ती प्रितमवर घसरली. "ज्याहीनं तुले नोकरी लावून देल्ली, ते कापूस येचायची गोठ करून राह्यले. अन् तू मुकाट राह्यला असता तर हे झालंच नसतं. कोनाले दिसलं होतं? तूच गेला बोंबलत."

"माय, पंखाचं टोक तुटलं होतं!"

"वीतभर. जावईबापूच म्हनले, वीतभर."

"वीतभर असो का बोटभर. ते विमान तसंच धावपट्टीवर गेलं असतं. आत एकशे बहात्तर मानसं होती, लेकरं होती. वर गेल्यावर काय झालं असतं, ते मले नाई मालूम अन् तुले बी नाई."

ट्रकचा आरसा लटकत होता, तरी जीवन टगवरून ओरडला होता, काही नाही, रबर घासलं. त्याने अंगठाही वर केला होता. विमानाच्या नाकाशी कानाला यंत्र लावून इंजिनिअर उभा होता, त्याला तिथून काही दिसलेलं नव्हतं. प्रितम दांड्या फेकून त्याच्याकडे धावत गेला आणि त्याला हाताला धरून पंखाखाली घेऊन आला. मग इंजिनं बंद झाली, शिडी लागली, माणसं उतरली. कोणीतरी प्रितमच्या पाठीवर थाप मारली. तासाभराने त्याच माणसाने त्याचा पास काढून घेतला.

कॅमेऱ्याने आणखीच घोळ करून ठेवला होता. खांबावरच्या कॅमेऱ्यात टग मागून दिसत होता, आत बसलेला जीवन दिसत नव्हता आणि पंखाचं टोक चौकटीच्या बाहेर होतं. उजव्या पंखाशी चालणारा माणूस विमानाच्या पलीकडे होता. प्रितमने काय केलं आणि जीवनने काय पाहिलं, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक बाजेवर पडून छताकडे बघत होता.

प्रितम घरातून जाऊन मागच्या अंगणात आला. त्याला आता कोणाचंच तोंड बघायचं नव्हतं.

शुभांगी तिथे भांड्यांचा ढीग घेऊन बसली होती. माहेरी आली की ती मोरीतच दिसायची, कारण जावई आल्यावर भांडी जास्त पडतात आणि जावयाची बायको घरचीच असते. तिची सहा वर्षांची प्रीती कुंपणाशी कोंबडीच्या पिल्लांच्या मागे लागली होती, पायात शाळेचे बूट घालून. प्रीती चारचौघांत बूट काढत नसे. दोन वर्षांपूर्वी शहरात शेजाऱ्याच्या ऑटोखाली तिचा डावा पाय आला आणि दोन बोटं काढून टाकावी लागली. शुभांगीचं लक्ष नव्हतं, असं सगळ्यांना माहीत होतं. भागीरथाबाई तिला दर खेपेला एकदा तरी ते ऐकवल्याशिवाय राहत नसे.

प्रितम पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला. राखेचा आणि पितळेचा आवाज येत होता.

"तुले बी तेच वाटते काय, ताई? म्या लिहून द्याव?"

"मले कोनं इचारलं?"

"म्या इचारून राह्यलो ना."

शुभांगीने मटण शिजवलेला मोठा गंज उपडा केला. "झालं काय, ते तर सांग पह्यले. कालपासून सारे सांगून राह्यले, प्रितमनं हे लिव्हा, प्रितमनं ते नोको लिव्हा. झालं काय ते कोनी सांगतच नाई. हे म्हनते, प्रितमनं हात हालवलाच नाई."

"असं म्हनले?"

"घरी आले तवाच म्हनले."

प्रितम हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण रडण्यापेक्षा ते बरं वाटलं. तोंडावर म्हणायचं तुला वाटेल ते लिही, आणि बायकोला आधीच सांगून ठेवायचं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि जमिनीवर बोटाने पंख काढला, मागे ट्रकची चौकट काढली.

"हे पाह्य. ट्रक दहा फुटावर होता तवाच मले दिसला. पांढऱ्या पट्ट्याच्या आत आला होता, त्याचा ड्रायवर बी चुकलाच. टगवर दुसरा कोनी असता तर तवाच म्या दांड्या आडव्या केल्या असत्या. पन भाऊजी होते. म्हून पह्यले नुसता हळू करायचा इशारा केला."

"काऊन?"

"मांगं एकदा म्या थांबवलं होतं त्याहीले. पह्यल्या महिन्यातच. जागा होती, माह्या नजरेले कमी वाटली. सगळ्या पोराईसमोर वरडले माह्यावर. साळा असून मले शिकवतं काय म्हने. तवापासून त्याहीले एकदम थांबवायची हिंमत नाई होत. आंदी हळू म्हनतो, मंग थांबा म्हनतो. त्यात गेले दोन-तीन सेकंद. तो कसूर माह्याच हाये, मी नाई म्हनतच नाई."

"मंग?"

"मंग केल्या आडव्या. तवा बी चार फूट बाकी होते. टग मानसाच्या चालीनं चालते, ताई. थांबला असता. भाऊजीनं मान वळवून पाह्यलं माह्याकडं. चांगलं पाह्यलं. अन् असा हात वर केला." प्रितमने तळवा दाखवला, घाबरलेल्या माणसाला गप करायला दाखवतात तसा. "काईतरी म्हनले बी. आवाज तर येत नाई तिथं, कानावर झाकनं असते. होठ दिसले."

"काय म्हनले?"

"जागा हाये अजून."

शुभांगीचा हात गंजावर थांबला. तिने कुंपणाकडे पाहिलं. प्रीतीने एक पिल्लू धरलं होतं आणि ती त्याच्याशी मोठ्याने बोलत होती.

"तो ऑटो नोता," शुभांगी म्हणाली.

"कोनता ऑटो?"

"शेजाऱ्याचा. पोरीच्या पायावर गेला तो. ऑटो नोताच, प्रितम. याहीच्या दोस्ताची जीप होती. हेच चालवून राह्यले होते. गल्लीतून मांगं घेत होते अन् मी मांगं उभी होती, पाह्याले. पोरगी हातातून सुटली अन् चाकाकडं गेली. म्या दोन्ही हातानं जीप बडवली. थांबा थांबा म्हनलं. त्याहीनं आरशातून पाह्यलं मले. अन् म्हनले, काऊन वरडतं, जागा हाये अजून."

प्रितमने जमिनीवरचा पंख तळहाताने पुसून टाकला.

"दवाखान्यात पोलीस लिव्हून घेते," ती पुढे म्हणाली. "म्हून म्या ऑटो सांगतला. नंबर नाई पाह्यला म्हनलं, माह्यं ध्यान नोतं म्हनलं. कोनी जबरदस्ती नाई केली. हे तर रडत होते लेकरावानी. मले वाटलं, पोटच्या पोरीचा पाय गेला, आता शिकतीन. आता कोनी थांबा म्हनलं तर थांबतीन."

तिने पुन्हा घासायला घेतलं. गंज केव्हाच स्वच्छ झाला होता.

मागच्या दाराशी चष्म्याचं घर हातात घेऊन चंपतराव उभे होते. ते प्रितमला बोलवायला आले असावेत. किती वेळ उभे होते कोण जाणे, पण तोंडावरून सगळं ऐकल्याचं कळत होतं. शुभांगीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पायऱ्या उतरून ते कुंपणापर्यंत गेले, गुडघ्यावर हात टेकून प्रीतीसमोर खाली बसले आणि तिच्या डाव्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. नाडी सुटलेली नव्हती.

"आबा, घट्ट होते," प्रीती म्हणाली.

"बरं बरं. ढिली करतो."

त्यांना उठायला वेळ लागला. प्रितम हात द्यायला पुढे झाला, तो त्यांनी घेतला नाही.

"फारम कुठं हाये तुयं?" त्यांनी विचारलं.

"पिशवीत हाये."

"आन."

आतल्या खोलीत प्रितम पाट घेऊन बसला. निवेदनाचा छापील नमुना त्याने सकाळीच जैनथला जाऊन झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणला होता. चंपतराव त्याच्या शेजारी, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसले. त्यांनी आपला मजमून घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. तीस वर्षांत त्यांनी कागद कधी फाडला नव्हता आणि आजही फाडला नाही.

"झालं तसं लिव," ते म्हणाले. "तुयं बी अन् त्याचं बी."

'त्याचं' हा शब्द प्रितमने ऐकला. या घरात नऊ वर्षांत जीवनसाठी तो कोणी वापरला नव्हता. पलीकडे चुलीपाशी चहाची भांडी लावत असलेल्या भागीरथाबाईनेही ऐकला, आणि तिने वळून पाहिलं.

"दोघाचा लिव्हला तर दोघाले काहाडीन म्हनत होते ना तुमी?"

"काहाडीन तर काहाडीन."

"आवो, पोरीचं कसं होईन? आंदीच तिचं ध्यान नसते कुठं, त्या लेकराचा पाय बी..."

"तिले आता तसं म्हनू नोको," चंपतराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण भागीरथाबाईचा हात कपबश्यांवरच राहिला. "आता कधीच म्हनू नोको."

"काऊन? काय झालं?"

"सांगतो मंग."

प्रितम लिहीत होता. इंग्रजी त्याला बेताचंच यायचं, पण अंतरं, सेकंद, खुणा, हे शब्द रोजचे होते, ते पटापट उतरले. ट्रक पट्ट्याच्या आत होता. मला दहा फुटांवर दिसला. मी आधी हळू करण्याची खूण केली. थांबण्याची खूण चार फूट असताना केली. टगचालकाने माझ्याकडे पाहिलं, हात वर केला आणि टग चालू ठेवला. धडक झाल्यावर मी इंजिनिअरला सांगितलं. एवढं लिहून झालं आणि त्याला पाच दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. नोकरी वाचेल असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. उलट आता दोघांचीही जाईल, हेच जास्त खरं होतं.

ओसरीवरून जीवनचा आवाज आला. "प्रितम, किती टाइम रे? साडेपाचला ऑटो यीन ना."

प्रितमने कागद उलटला. मागच्या बाजूला आणखी दोन रकाने होते. एकात त्याने नाव आणि पासचा नंबर लिहिला. दुसऱ्याशी त्याचं पेन अडलं.

"काय हाये ते?" चंपतरावांनी विचारलं.

"इशारा द्याले उशीर झाला असंल, तर त्याचं कारन लिव्हा म्हनते."

"मंग लिव."

"काय लिवू? नजरचूक लिवतो."

"नजरचूक कशी? तुले तर दिसलं होतं."

खरं कारण प्रितमला माहीत होतं, अंगणात त्याने ते ताईला सांगितलंही होतं. पण साहेबांच्या टेबलावर जाणाऱ्या कागदावर तसलं काही लिहिता येतं, हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. तिथे धुकं लिहितात, दिवे बंद होते लिहितात, वॉकीटॉकी बिघडली लिहितात.

चंपतरावांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या. पुसून झाल्यावरही तो घातला नाही.

"लिव," ते म्हणाले, सावकाश, जसे साहेबांच्या खोलीत मजमून सांगत असत. "टग चालवनारे आमचे जावई हायेत. आमच्या घरी जावयाले कोनी थांबवत नाई. पोराले हे बाहेर कोनी नाई शिकवलं. हे त्याच्या बापानं शिकवलं."

"बाबा, असं कारन नाई चालत फारमात. साह्यब हासंल."

"हासू दे."

"अन् तुमचं नाव?"

"टाक. चंपत किसन, रिटायर कारकून. पुरं टाक."

प्रितमने लिहिलं. वाक्यं इंग्रजीत वेडीवाकडी उतरली, पण उतरली. रकान्यात जागा पुरली नाही, तेव्हा त्याने उरलेलं समासात लिहिलं आणि खाली सही केली. चंपतरावांनी कागद हातात घेतला, दोन्ही बाजू पाहिल्या, अक्षराबद्दल काही बोलले नाहीत, आणि परत दिला.

मागच्या दारातून शुभांगी धुतलेली भांडी घेऊन आत आली आणि तिथेच थांबली. बाहेर बाज करकरली. जीवन उठून बसला होता.

"मामी, च्या झाला काय?" त्याने विचारलं.

चंपतरावांनी भागीरथाबाईला हातानेच बसायला सांगितलं. ती खाली बसली.

"आता पह्यल्या ओळीपासून वाच," ते प्रितमला म्हणाले. "मराठीत सांग. अन् ओसरीवर आयकू जाईन असं वाच."